आईच्या ऑपरेशनबद्दल, दोघांनाही

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

आई, तू हो म्हणालीस म्हणून पत्र दोघांच्या नावाने लिहितेय. बाबा, आईचं अंग बाहेर येतं, म्हणजे गर्भाशयाची पिशवी खाली उतरलीय. महालक्ष्म्यांच्या वेळी पुरणाचं पातेलं उतरवून ती ओटा धरून उभी राहायची आणि विचारलं की गुडघ्यावर ढकलायची, ते हेच.

धंतोलीतल्या डॉक्टरांनी कागदावर 'थर्ड डिग्री' (म्हणजे पिशवी योनीबाहेर येण्याइतकी उतरलीय) लिहिलं आणि 'पिशवी काढून टाकू' म्हणून मोकळे झाले. माझं घोडं अडतं ते इथे. पिशवी खाली आली, कारण तिला धरून ठेवणारे बंध सैल पडले. नुसती पिशवी काढली आणि योनीचं वरचं टोक कुठे बांधलंच नाही, तर पुढे तेच टोक खाली उतरू शकतं. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: टोक कशाला बांधणार?

खालूनच, म्हणजे योनीतून, ऑपरेशन केलं तर पोटावर टाके नाहीत, भूल कमरेतून चालते. टोक आतल्या लिगामेंटला शिवतात. त्यातल्या एका पद्धतीत काही दिवस कुल्ला दुखतो. दुर्बिणीने पोटातून केलं तर जाळी लावून टोक माकडहाडाच्या वरच्या हाडाला बांधतात. ते जास्त टिकतं, पण पूर्ण भूल लागते, वेळ जास्त जातो आणि जाळी कधीकधी योनीत उघडी पडते. बाबा, व्हॉट्सॅपवर जाळीवरच्या बंदीचं वाचाल. अमेरिकेत एप्रिल २०१९ मध्ये विक्री थांबवली ती योनीतून बसवायच्या जाळीची. पोटातून बसवतात ती त्यात नव्हती.

खालून करायच्या दोन पद्धतींचे पाच वर्षांचे निकाल अमेरिकेत २०१८ मध्ये आले. कडक मापाने ६० टक्क्यांहून जास्त बायकांचं ऑपरेशन 'फसलं', पण त्रास आधीपेक्षा कमीच राहिला आणि पुन्हा उपचार लागले ते साधारण दहात एकीला. तेव्हा आकडा ऐकून हबकू नका. (आपल्या मुंबईच्या डॉक्टर शिरोडकर-पुरंदऱ्यांची ऑपरेशनं पिशवी राखून तिला वर टांगायची, ती तरुण बायकांसाठी.)

आईचं वय आणि बीपी बघता मला खालूनच बरं वाटतं. अजून एक मार्ग आहे: योनीमार्गच शिवून बंद करणं. छोटं ऑपरेशन, टिकतंही चांगलं, पण नंतर नवरा-बायकोचे संबंध ठेवता येत नाहीत. ते तुमचं तुम्ही ठरवा, मी त्यात एक शब्द बोलणार नाही.

अंग वर बांधल्यावर कधीकधी आधी नसलेली लघवीची गळती सुरू होते. त्याची तपासणी आधी करणार का, तेही विचारा. तारीख लांबली तर तोवर अंगाला आधार द्यायला योनीत रिंग बसवता येते. आई, बद्धकोष्ठ अंगावर काढू नकोस. ऑपरेशननंतर दीड-दोन महिने वजन उचलायचं नाही. बाबा, कूलरमध्ये पाणी तुम्ही भरायचं, आणि डॉक्टरांकडे बाहेर पेपर वाचत बसायचं नाही, आत जायचं.

मी शनिवारी सकाळी पोचतेय. सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी एका पिशवीत काढून ठेवा.

तुमची,
मनू