कृषी विद्यार्थ्यांना खरी जबाबदारी द्या

महोदय,

1972 साली स्थापन झालेल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाचे पदवीचे विद्यार्थी अंतिम वर्षात ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावोगावी जातात. गेल्या हंगामात असे काही विद्यार्थी आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीकडे आले, तेव्हा प्रात्यक्षिके आणि छायाचित्रे एवढ्यावर न थांबता आम्ही सोयाबीन खरेदीचे संपूर्ण नियोजनच त्यांच्याकडे सोपवले. बारदाना किती आणि केव्हा मागवायचा, कोणत्या गावाचा माल कोणत्या दिवशी घ्यायचा, ओलावा 12 टक्क्यांहून अधिक भरला तर शेतकऱ्याला काय सांगायचे, हे सारे त्यांनी ठरवले. परतीच्या पावसाने वेळापत्रक कोलमडले, त्या रात्री प्रत्येक शेतकऱ्याला फोन करून नव्या तारखा देणारी हीच मुले होती. वर्गात हे शिकवता येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

जालन्याच्या बियाणे कंपन्या, लातूरच्या डाळ मिल आणि वसमत परिसरातील हळद प्रक्रिया उद्योजक यांनी महाविद्यालयांशी लेखी करार करून विद्यार्थ्यांना पूर्ण हंगामाचा एखादा प्रकल्प द्यावा, त्यासाठी विद्यावेतन द्यावे आणि मार्गदर्शनासाठी एक अनुभवी कर्मचारी नेमावा. नुसत्या प्रमाणपत्रावर मुलांना राबवून घेणे अन्यायाचे आहे. विद्यार्थिनींच्या निवासाची व प्रवासाची सोय करारातच नमूद असावी, कारण आमच्याकडे केवळ त्या अडचणीमुळे दोघींना मध्येच परतावे लागले, याची खंत अजून वाटते.

– शेतकरी उत्पादक कंपनीचा एक संचालक, जिंतूर (जि. परभणी)