आबांचं 'पित्त' आणि तुझं

अमळनेर,
१२ जानेवारी

प्रिय सुभ्या,

परवा फोनवर तू सहज बोलून गेलास, 'जिना चढलो की छातीत जळजळतं, पित्त वाढलंय बहुतेक.' फोन ठेवला आणि माझी झोप उडाली. आमच्या आबांचंही पित्तच होतं.

मागच्या महिन्यात शेतात भरीत केलं. पऱ्हाट्यांवर भाजलेली वांगी, कळण्याची भाकरी. आबा दाबून जेवले. रात्री छाती धरली, जबडा ओढायला लागला, भर थंडीत बंडी घामाने भिजली. वर म्हणतात, "काही नही रे भो, वांगानं पित्त शे." आणि मी शहाण्याने सोडा पाजला! दोन तास त्यात गेले. ते अजून सलतं.

इथल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो चक्क बरा आला. मी निघायलाच लागलो होतो. त्यांनी थांबवून वीस मिनिटांनी दुसरा काढला, त्यात रेघ वर उचललेली, म्हणजे हार्ट अटॅकच. हृदयाला इजा झाली का ते सांगणाऱ्या रक्ततपासणीच्या, ट्रोपोनिनच्या, रिपोर्टसाठीही थांबले नाहीत. ॲस्पिरिन चावायला लावली आणि धुळ्याला पिटाळलं.

तिथे मनगटातून नळी घालून अँजिओग्राफी केली. पडद्यावरचं चित्र मला नंतर दाखवलं. डावीकडची पुढची नस मध्येच खुडल्यासारखी. मग फुगा फुगवला, जाळी बसवली, आणि बारं फोडल्यावर सरीतून पाणी धावावं तशी नस टोकापर्यंत काळी होत गेली. फोर्समान नावाच्या जर्मन डॉक्टरने १९२९ मध्ये अशी नळी स्वतःच्याच दंडातून हृदयापर्यंत घातली आणि तसाच एक्स-रे काढायला चालत गेला. १९५६ मध्ये त्याला नोबेल मिळालं. आबांचं म्हणणं, बायको माहेरी गेली असणार त्याची.

आता रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या वर्षभर. दाढ काढायची म्हणून कोणीतरी 'बंद करा' म्हणालं. हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी एकही चुकू दिली नाही.

तुझं चढताना येतं आणि बसलं की थांबतं, ते मला पित्ताचं वाटत नाही. त्यात तुझी तंबाखू. पडून काढलेला ईसीजी बरा आला म्हणून घरी पळू नकोस. टू-डी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, ट्रेडमिलवर चालवून काढतात तो ईसीजी, डॉक्टर सांगतील ते कर. बसल्या जागी दुखलं, घाम फुटला, तर माझी वाट न बघता तडक १०८ लाव.

सोमवारी सकाळी भुसावळला येतोय. जुने रिपोर्ट काढून ठेव. वहिनींना सगळं सांगून टाकलंय. शिव्या भेटल्यावर घाल.

तुझाच,
दिल्या