पाकिटावर छापलेला नंबर

ती. बाबा आणि सौ. आई यांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, नाशिकच्या त्या माणसानं तुम्हाला फोनवर चोर म्हटलं, हे मला काल दादाकडून कळलं. तुम्ही स्वतः एक शब्द बोलला नाहीत. आई एवढंच म्हणाली होती, "बाबा दोन दिवस झाले, नीट जेवून नाही राहिले." मला वाटलं, पुण्याचं पाणी मानवलं नसेल, नाहीतर आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनची काळजी असेल. फोनवर हे सगळं बोलणं मला जमत नाही. नेटवर्कसाठी गच्चीवर जावं लागतं, तिथं सध्या हळकुंडं पसरली आहेत, आणि तुम्ही "बरं बरं" म्हणून फोन आईच्या हातात देता. म्हणून लिहिते आहे.

झालं ते असं. नाशिकच्या एका बाईंनी तीन किलो हळदपूड मागवली होती, पैसे आधीच भरले होते. मी हिंगणघाटला जाऊन कुरिअर केलं. सहाव्या दिवशी मोबाईलवर आलं, "डिलिव्हर्ड". सातव्या दिवशी बाईंचा मेसेज, पार्सल मिळालं नाही. मी त्यांना तो "डिलिव्हर्ड"चा फोटो पाठवला. त्यांनी पुन्हा लिहिलं, मिळालं नाही. त्याच आठवड्यात एकीनं अर्धं पाकीट वापरून "माल खराब" म्हणून पैसे मागितले होते, तो राग डोक्यात होता. मी लिहून टाकलं, "हळद खाऊन पैसे परत मागणारे आम्ही खूप पाहिले."

हे वाक्य मी लिहिलं, बाबा. आणि ते वाचून त्यांच्या नवऱ्यानं पाकिटावरचा नंबर लावला. तो नंबर तुमचा. लेबल छापताना तुम्हीच म्हणाला होता, माझाच टाक, तालुक्यात सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे शिवी माझी होती, पत्ता तुमचा निघाला.

नंतर मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. कुरिअरवाल्यांकडे पोच मागितली. "डिलिव्हर्ड" एवढ्या शब्दाला काही अर्थ नसतो, कोणाच्या हातात दिलं त्याची सही किंवा फोटो लागतो. पाच दिवस पाठपुरावा केला तेव्हा फोटो आला. निळं फाटक, खाली आपला खोका. बाईंनी त्यांच्या घराचा फोटो पाठवला, तिथं फाटकच नाही, जिना आहे. ते निळं फाटक कोणाचं, ते कुरिअरवाल्यांनाही शेवटपर्यंत सांगता आलं नाही. मी त्याच संध्याकाळी बाईंचे पूर्ण पैसे परत केले आणि माफी मागितली.

तुम्ही दादाला विचारलंत म्हणे, माल आपण दिला, पावती आपल्याकडे, हरवला कुरिअरवाल्यानं, मग पैसे आपण का द्यायचे? बाबा, कापूस बंडीत भरून जिनिंगला न्यायचात, तो काट्यावर चढेपर्यंत कोणाचा असायचा? वाटेत पाऊस लागून भिजला तर जिनिंगवाल्यानं भरून दिला का कधी? कुरिअर ही आपण लावलेली बंडी आहे. बाईंनी काही ती ठरवली नव्हती. आणि ऑनलाइन विक्रीचे 2020 चे सरकारी नियमही तेच सांगतात, कबूल केलेला माल मिळाला नाही, खराब निघाला, तर विकणाऱ्याला पैसे परत नाकारता येत नाहीत.

आपले पैसे मात्र पूर्ण आले नाहीत. 1350 चा माल, मिळाले 500. पावतीच्या मागं मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, विमा न काढलेल्या पार्सलची भरपाई अमुक रकमेपर्यंतच. मी विमा काढला नव्हता, तीस-चाळीस रुपये वाचवले होते. पोस्टातही तसंच आहे, स्पीड पोस्ट हरवलं तर टपालखर्चाच्या दुप्पट किंवा 1000 रुपये, यातलं जे कमी असेल ते. आता हजाराच्या वरचं प्रत्येक पार्सल मी विमा काढूनच पाठवते.

दादा म्हणतो, ग्राहक मंचात जा. जाता येतं. पोटापाण्यासाठी स्वतः धंदा करणाऱ्यानं घेतलेली सेवाही ग्राहक कायद्यात बसते, आणि पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही. पण साडेआठशे रुपयांसाठी वर्ध्याच्या तारखा करायच्या, त्याही हळद शिजवायच्या दिवसांत? मी 1915 या सरकारी ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि कुरिअरवाल्यांना लेखी पत्र दिलं. तेवढंच. इथून पुढं सोडायचं की लढायचं ते तुम्ही आल्यावर ठरवू.

ज्या भांडणात मी मागं हटले नाही तेही सांगते, तुम्हाला आवडेल. दोन किलोच्या पार्सलला तीन किलोचं बिल लावून राहिले होते. विचारलं तर म्हणे खोक्याचं वजन. म्हणजे लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि 5000 नं भागायची. आपला खोका 30, 25 आणि 20 चा. करा गुणाकार, बरोबर तीन येतात. अडत्या काट्यावर मारतो ते डोळ्यांना तरी दिसतं, हे तर रिकाम्या हवेचे पैसे घेतात! त्यांचा नियम त्यांनी लपवला नव्हता, मीच मोठा खोका वापरत होते, म्हणून तिथं गप्प बसले. पण नंतर लहान खोका घेतला तरी बिल तीनचंच आलं, तेव्हा काट्यावर ठेवलेला आणि टेप लावून मोजलेला असे दोन्ही फोटो पाठवले. जास्तीचे पैसे परत मिळाले. आता प्रत्येक पार्सलचा बंद करतानाचा व्हिडिओ काढते. शेजारची पोरं हसतात, हळदीचं शूटिंग चाललं म्हणून.

आई, तुझ्यासाठी एक गंमत. अमरावतीच्या एका बाईंनी तक्रार केली, साडीवर हळद सांडली, साबण लावला तर डाग लाल झाला, म्हणजे तुम्ही रंग मिसळता. मी लिहिलं, ताई, हळद साबणानं लाल होतेच, हळदीला चुना लावूनच तर कुंकू करतात. घरातली दुसरी कोणतीही हळद घेऊन बघा. त्यांनी उत्तर दिलं नाही. पैसे मी परत केले नाहीत. रेटिंगमध्ये पाचपैकी त्यांनी दिलेली एकच चांदणी अजून तशीच आहे, आणि आपल्या वायगावच्या हळदीला 2016 साली जीआय, म्हणजे त्या भागाची खास वस्तू म्हणून सरकारी मानांकन मिळालं, हे त्या चांदणीला सांगून काही उपयोग नाही.

माल घरी पोचल्यावर पैसे घ्यायची पद्धत मी जवळजवळ बंद केली आहे. लोक मागवतात आणि दारात नको म्हणतात, मग जायचं भाडं आपलं, यायचंही आपलं. परत आलेलं पार्सल गावात कोणी आणून देत नाही, जाम चौरस्त्यावर या म्हणतात. बाबा, तुम्ही व्ही.पी.नं, म्हणजे पोस्टमनला पैसे देऊन पार्सल सोडवायच्या पद्धतीनं, मागवलेल्या रेडिओची आठवण येते. पोस्टमनला पैसे दिले आणि आत वीट निघाली. तेव्हा त्या दिल्लीवाल्याला तुम्ही काय काय म्हटलं, ते आई अजून सांगते.

एक महत्त्वाचं. तुमचा नंबर लेबलवरून काढला आहे, नवीन लेबलं माझ्या नंबरची आली. पण जुनी पाकिटं लोकांकडे आहेत, फोन येत राहतील. कोणी म्हणालं, "कुरिअरमधून बोलतो, हरवलेल्या पार्सलचे पैसे देतो, ही लिंक दाबा" किंवा "पिन टाका", तर फोन ठेवून द्यायचा. पैसे यायला पिन कधीच लागत नाही. चुकून झालंच काही, तर लाज न बाळगता लगेच ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, 1930 वर, फोन करा आणि मग मला.

इकडचं बरं आहे. दोन कढया शिजून झाल्या, तिसरी उद्या लावणार. आई, पहिली कढई थोडी जास्त शिजली असं मला वाटतं, हळकुंड मोडलं तर आतून काळपट दिसतं. एक डोळा उघडा असेल तर दादाच्या मोबाईलवर फोटो बघ आणि सांग.

नाशिकच्या त्या भाऊंचा काल मला मेसेज आला. तुमचं वय आणि तुम्ही पुण्याला का आहात ते मी त्यांना कळवलं होतं. विचारत होते, "तुमच्या वडिलांशी एकदा बोललो तर चालेल का?" मी सांगितलं, सातनंतर करा, तेव्हा त्यांचा चहा झालेला असतो. उचलायचा की नाही, ते तुमच्यावर.

तुमची,
लेक