चौथी कार्बन प्रत : आमच्या गावाचे पत्रक घरोघरी पोहोचविणाऱ्या मावशींस

तीर्थस्वरूप मावशींस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

हे पत्र तुम्हांला वाचता येणार नाही, हे ठाऊक असूनही ते मराठीत लिहिते आहे, कारण तसा आईचा हुकूम आहे. ज्या बाईने सहा रात्री आपली काळजी वाहिली तिचे आभार आपल्या भाषेत आणि आपल्या माणसांसमोर मानावेत, असे तिचे म्हणणे. इंग्रजीतले ‘थँक यू’ ती तुम्हांला तेव्हाच शे-दोनशे वेळा म्हणून चुकली आहे. इंग्रजी तर्जुमा सोबत जोडीनच. गावातली शाळकरी पोरेसुद्धा तुम्हांला पहिल्या नावाने हाक मारतात, मला मात्र इतक्या वर्षांत ते जमलेले नाही. आईने तुम्हांला बहीण मानल्यामुळे तो प्रश्न परस्पर सुटला.

हे वाचणाऱ्या मराठी मंडळींसाठी थोडे सांगायला हवे. आमचे गाव स्कॉटलंडच्या ईशान्येला, ॲबरडीनच्या पश्चिमेस, डी नदीच्या खोऱ्यात आहे. डिसेंबरअखेरीस इथे सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि साडेतीनला मावळलेला असतो. अशा दिवसांत माणसे एकमेकांना दिसतात ती मुख्यतः गावच्या सभागृहात, आणि तिथे केव्हा काय आहे हे कळते ते तुमच्या पत्रकातून. चार पानांचे ते पत्रक महिन्यातून एकदा दाराच्या फटीतून आत पडते. फिरत्या वाचनालयाची गाडी कोणत्या मंगळवारी येणार, नाताळच्या आठवड्यात कचऱ्याचे डबे कोणत्या दिवशी बाहेर काढायचे, सूप-जेवणासाठी भाकऱ्या-पाव कोण आणणार, कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर दगड सरकवण्याच्या खेळाच्या, सामन्यात कोण हरले, कोणाची मांजर हरवली आणि ती कोणाच्या कोठारात सापडली, असा सगळा ऐवज त्यात असतो. सुरुवातीला मला ते गमतीचे वाटे. २०२१ च्या नोव्हेंबरनंतर तसे वाटले नाही.

त्या वर्षी आई दिवाळीआधी कराडहून आली होती. शुक्रवारी, २६ नोव्हेंबरला, आर्वेन वादळ आले. इथला नेहमीचा वारा नैर्ऋत्येचा, त्यामुळे झाडांनी मुळे रोवलेली असतात ती त्या वाऱ्याच्या बेताने. आर्वेन आले ते थेट उत्तरेकडून, आणि शंभरीतले देवदारही काडीसारखे मोडले. सीमेपलीकडे इंग्लंडातल्या नॉर्थम्बरलंडमध्ये ब्रिझली वुड येथे वाऱ्याचा झोत ताशी ९८ मैलांवर मोजला गेला. देशभरात सुमारे १० लाख ग्राहकांची वीज गेली. बहुतेकांची लवकर आली, पण जवळजवळ ४,००० घरे आठवड्याहून अधिक काळ अंधारात राहिली. आमचा क्रमांक सहा रात्रींवर लागला, म्हणजे आम्ही नशीबवानच म्हणायचे.

वीज जाणे म्हणजे काय, हे कराडच्या भारनियमनात वाढलेल्या आईला कोणी शिकवायला नको होते. इथली गोष्ट निराळी होती. तेलाची टाकी काठोकाठ भरलेली, पण बॉयलर पेटायला वीज लागते. पाणी विहिरीचे, पण ते चढवायला पंप लागतो. नव्या पद्धतीचा दूरध्वनी घरातल्या विजेवर चालतो, म्हणून तो मुका, आणि मोबाइलच्या मनोऱ्याची बॅटरी काही तासांत संपल्यावर तोही गेला. थंडीपेक्षा मला त्या शांततेची जास्त भीती वाटली. रस्ता बंद आहे की चालू, कोणी मदतीला येते आहे की नाही, ही अवस्था आपल्याच घरची आहे की साऱ्या जिल्ह्याची, यातले काहीही कळायला मार्ग नव्हता.

शनिवारी दुपारी तुम्ही आलात. डोक्याला विजेरीचा पट्टा, पाठीवर पिशवी, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, आणि हातात एक कागद. सभागृहातले छपाईयंत्र बंद, म्हणून तुम्ही कुठल्या तरी खणातून जुना कार्बन पेपर शोधून काढला होता आणि एका दाबात चार, याप्रमाणे पत्रकाची आवृत्ती हाताने लिहून काढली होती. आमच्या वाट्याला चौथी प्रत आली. तिच्यातली निळी अक्षरे इतकी पुसट उमटली होती की, आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तुम्ही ती पेनाने एकेक गिरवलीत आणि मगच पुढच्या घराकडे निघालात. सभागृह सकाळी दहा ते सहा उघडे, तिथे चूल आणि जनरेटर. फोन चार्ज करायला प्रत्येकी अर्धा तास. कोणत्या तीन घरांत गॅसची शेगडी आहे. पुलाजवळ रस्त्यावर दोन झाडे, ट्रॅक्टरवाले उद्या कापणार. आणि तळाशी जाड अक्षरांत, ‘आपल्या उजव्या हाताच्या शेजाऱ्याचे दार रोज एकदा वाजवा.’ साऱ्या गावाने उजवीकडचे दार वाजवले तर कोणीच सुटत नाही, हे माझ्या ध्यानात रात्री आले.

आईच्या इन्सुलिनची गोष्ट तर मी कधी विसरणार नाही. फ्रिज बंद पडला म्हणून मी घाबरले होते, आणि तुम्ही शांतपणे विचारलेत, ‘घरात यापेक्षा थंड फ्रिज कशाला हवा?’ खरा धोका उलटा होता: गोठलेले इन्सुलिन कामातून जाते. म्हणून इन्सुलिन टोचायची जादा पेने लोकरीच्या मोज्यात गुंडाळून, चुलीपासून लांब पण आतल्या भिंतीशी ठेवायला सांगितलेत, आणि पुढचे पाचही दिवस, बर्फ पडले त्या दिवशीसुद्धा, तो मोजा पाहायला आलात. मदतीला जवान आले, वीजवाल्यांची माणसे आली, त्यांनी आपापले काम केले. पण वीज कंपनीने रोज ‘आज रात्रीपर्यंत येईल’ असा निरोप धाडला आणि तो रोज खोटा ठरला, तेव्हा तुमच्या कागदावर मात्र ‘केव्हा येईल ते माहीत नाही, रात्रीची लाकडे आत घ्या’ असे स्वच्छ लिहिलेले असे. त्या एका वाक्याने आम्हांला जितका धीर आला तितका कुठल्याही आश्वासनाने आला नाही.

सभागृहातले मसुराचे सूप चाखून आई म्हणाली होती, ‘ही तर आपली आमटीच, फोडणी विसरलेली.’ दुसऱ्या दिवशी तिने चुलीवर लसणाची फोडणी करून त्या पातेल्यात ओतली, तेव्हा तुम्ही लगेच दुसऱ्यांदा वाडगा पुढे केलात. पुढे जानेवारीच्या अंकात तुम्ही तिच्या पिठल्याची कृती छापलीत आणि त्यात चिमूटभर हिंगाच्या जागी चमचाभर हिंग पडले. तीन घरांनी ते करून पाहिले. फेब्रुवारीत पहिल्या पानावर चौकटीत तुम्ही ती चूक कबूल केलीत, खिडक्या उघड्या ठेवण्याच्या सल्ल्यासह.

त्या ३१ डिसेंबरला ओमायक्रॉनमुळे गर्दीवर बंधने होती आणि सभागृहातला नाच रद्द झाला होता. मध्यरात्रीनंतर उंबरठ्यावर येणारा पहिला पाहुणा काळ्या केसांचा पुरुष असला तर वर्ष भरभराटीचे जाते, अशी इथली समजूत. त्याने कोळसा, व्हिस्की, शॉर्टब्रेडची बिस्किटे असे काही हाती घेऊन यायचे असते. पांढऱ्या आणि तांबूस केसांच्या या गावात तुम्हांला माझा नवरा आठवला. त्याने त्या रात्री कोळशाचे तुकडे खिशात घालून नऊ उंबरठे गाठले, आत मात्र कुठेही गेला नाही. या गावात आपण पाहुणे नाही, हे त्याला त्या फेरीत उमगले, असे तो अजून सांगतो. आईला तुम्ही इथल्या डोरिक बोलीतले ‘फिट लाइक?’ शिकवलेत. ‘कसे काय?’ असा त्याचा अर्थ, पण तिने तो ‘फिट आहात ना?’ असा घेतला आणि आजही फोनवर ती तुमची चौकशी त्याच शब्दांत करते. अर्थ फारसा चुकत नाही.

आमची चौथी प्रत आई सोबत घेऊन गेली. ती तिच्या देवघराच्या खणात, पंचांगाखाली आहे; अक्षरे आता तुम्ही गिरवली तेवढीच उरली आहेत.

डिसेंबरच्या अंकात शेवटच्या पानावर तुमची चार ओळींची सूचना वाचली, की गुडघ्यांमुळे यापुढे चढावरच्या वाटेने पत्रक टाकणे जमणार नाही आणि त्या घरांनी आपला अंक दुकानातून न्यावा. तसे करू नये, ही विनंती. त्या वाटेवर अकरा घरे आहेत, मी मोजून आले. शेवटच्या घरचा कुत्रा भुंकतो, पण चावत नाही, हेही पाहून घेतले. जानेवारीचा गठ्ठा आमच्या पडवीतल्या लाकडांच्या फळीवर ठेवावा. पहिल्या फेरीला तुम्ही फाटकापर्यंत सोबत आलात तर कोणाचे दार वाजवायचे आणि कोणाच्या फटीतून नुसते सरकवायचे, ते मला कळेल.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपली,
चढाच्या पायथ्याच्या घरातली भाची