घडी घालता येणारी टिपणे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुंबईतील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या मानद सचिवांना दरपत्रके, गळतीच्या तक्रारी, पार्किंगचे वाद, वास्तुविशारदाशी झालेली बोलणी अशा कितीतरी गोष्टींची टिपणे ठेवावी लागतात. कार्यकारिणी बदलली की ती आधीच्या सचिवांच्या संगणकात, बहुधा एखाद्या जुन्या फॉन्टमध्ये अडकून पडतात आणि तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्यांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. स्वाक्षरीचे इतिवृत्त पुस्तक वेगळे राहिलेच पाहिजे. परंतु रोजच्या कामाची टिपणे युनिकोडमधील (म्हणजे विशिष्ट फॉन्टवर अवलंबून नसलेल्या) साध्या मजकुराच्या एकाच फायलीत, शीर्षकांच्या उतरंडीने मांडावीत, अशी माझी सूचना आहे.

ईमॅक्स या मजकूर लिहिण्याच्या, मोफत मिळणाऱ्या संगणक प्रणालीत त्यासाठी ‘ऑर्ग मोड’ ही सोय आहे. कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये ती मुळात स्वतःची टिपणे आणि कामे लावण्यासाठी लिहिली. ओळीच्या आरंभी एक तारका आणि मग एक मोकळी जागा असली की ती ओळ मुख्य शीर्षक ठरते, दोन तारकांचे उपशीर्षक होते. शीर्षकावर कर्सर ठेवून टॅब दाबल्यास खालचा मजकूर दुमडला जातो व ओळीच्या शेवटी तीन टिंबे उरतात. पुन्हा दाबल्यास आधी उपशीर्षके आणि मग सगळा मजकूर उलगडतो. शिफ्टसह टॅब दाबल्यास हेच संपूर्ण फायलीला लागू होते. (मराठी टंकनाच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट आणि आठ दाबल्यास तारकेऐवजी ‘श्र’ उमटतो, म्हणून पहिल्या तारकेपुरते इंग्रजी कळफलकावर जावे लागते, पुढची शीर्षके ऑल्ट आणि एंटर एकत्र दाबून मिळतात.)

दुमडण्याचा खरा उपयोग जागा वाचवण्यापुरता नाही. फाइल दुमडली की केवळ शीर्षके समोर राहतात, आणि ती किती पोकळ आहेत हे तेव्हाच कळते. ‘बैठक’, ‘पत्र’, ‘इतर’ अशा शीर्षकांखाली काय आहे, हे लिहिणाऱ्यालाही महिन्याभराने सांगता येत नाही; ‘लिफ्ट: वार्षिक देखभालीचे दर, दुसरे दरपत्रक अजून आलेले नाही’ असे शीर्षक असेल तर ते उलगडण्याची गरजही पडत नाही. पुनर्विकासासारखा विषय तर अशा मांडणीवाचून हाताळणे कठीण आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९(अ) खालील, पुनर्विकासाविषयीचा ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय एका उपशीर्षकाखाली, सभासदांचे आक्षेप दुसऱ्या आणि विकासकांचे देकार तिसऱ्या उपशीर्षकाखाली ठेवले, तर सभेत ज्याची चर्चा चालू असेल तेवढेच उघडता येते. क्रम बदलायचा झाल्यास ऑल्ट आणि वरचा किंवा खालचा बाण दाबावा. शीर्षक आपल्या सगळ्या मजकुरासह सरकते. मात्र चौथ्या-पाचव्या पातळीपर्यंत उतरू नये, असे माझे मत आहे, कारण मग वस्तू कोणत्या कप्प्यात ठेवली हे शोधण्यातच वेळ जातो. लिफ्टचा खर्च ‘लिफ्ट’खाली ठेवावा की ‘हिशेब’खाली, हा प्रश्नही येतोच; एका ठिकाणी नोंद आणि दुसरीकडे तिचा दुवा, हा त्यावरचा बरा उपाय.

ईमॅक्स शिकायला सोपे आहे, असा माझा दावा नाही. पण नव्या सचिवांना ते नको असले तरी हीच फाइल नोटपॅडमध्ये उघडते: घडी घालता येणार नाही, तारका तेवढ्या दिसतील, मजकूर मात्र अक्षरन्‌अक्षर वाचता येईल. तेव्हा पदभार सोपवताना दप्तराच्या यादीत या फायलीचाही समावेश करण्याचा ठराव संस्थांनी आपल्या पुढच्या बैठकीत करावा, ही विनंती.

आपला,
एक मानद सचिव,
मुलुंड (पूर्व), मुंबई