बायकांचं लिहिलेलं वेगळं काऊन शिकायचं?

प्रिय आई-बाबा,

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हटलं की साहित्य ते साहित्य, बायकांचं वेगळं काऊन शिकायचं. रेंज नव्हती म्हणून बोलली नाही, आता लिहून राहिली. तुम्हाला वाटते माझ्या अभ्यासातल्या बायकांच्या साहित्याच्या या पेपरात नुसती रडगाणी असतील. आहेत तीही, पण मला तर या बाया भांडखोर आणि मिश्कीलच जास्त भेटल्या.

आपल्या बुलडाण्याच्या ताराबाई शिंदेच घ्या ना. सुरतेत एका विधवेला तान्हं लेकरू मारलं म्हणून फाशीची शिक्षा झाली, ती मग कमी केली, पण वर्तमानपत्रवाले सगळ्या बायकांच्याच चारित्र्यावर घसरले आणि ताराबाईंचं डोकं असं तापलं की त्यांनी १८८२ ला 'स्त्रीपुरुष तुलना' छापलं. बायकांना जे जे दोष चिकटवता ते पुरुषांत नाहीत काय, असं एकेक काढून दाखवलं आहे. वाचताना वाटते मोठी आत्या ओसरीवर उभी राहून बोलून राहिली! जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली, बाकी टीकाच जास्त, आणि मग पुस्तक जे गडप झालं ते पुन्हा छापायला १९७५ उजाडलं. म्हणून वेगळा पेपर लागते बाबा, कोणी मुद्दाम शोधल्याशिवाय हे वर येतच नाही.

बंगालच्या राससुंदरी देवी तर पोथीचं एक पान स्वयंपाकघरात लपवून, चोरून वाचायला शिकल्या, आणि १८७६ ला स्वतःचं आत्मचरित्र छापलं. त्याच्याही लय आधीची पाली भाषेतली थेरीगाथा, बौद्ध भिक्षुणींची कवनं. त्यात एक जण म्हणते मी तीन वाकड्यांतून सुटली, उखळ, मुसळ आणि वाकडा नवरा. आई, हे बाबांना वाचून दाखवू नको (दाखवच).

आणि आपण कौंडण्यपूरला जातो ना, तिथल्या रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे, म्हणजे लग्नातली गाणी, महानुभाव पंथाच्या महदंबेनं तेराव्या शतकात रिद्धपूरला रचले. इतक्या जवळचं, आणि शाळेत मार्कांपुरतं एका ओळीत उरकलं होतं.

नोकरीचं म्हणाल तर कॉलेजात शिकवायला लागते त्या सेट-नेट परीक्षांचा अभ्यास चालू आहे. गॅरंटी नाही, पण ती तर आपल्या कपाशीच्या पऱ्हाटीलेही नसते.

ताराबाईंचं पुस्तक दिवाळीत आणते. बाबा, आधी तुम्ही वाचून घ्या, आईच्या हाती गेलं तर ती लवकर सोडणार नाही.

तुमची,
पोरगी