भाड्याच्या घरातले वायरिंग तपासायचे कोणी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरातील विद्युत जोडण्या, दिवे, पंखे व नळ सुस्थितीत मिळाले, अशा अर्थाचे एक वाक्य लिव्ह अँड लायसन्सच्या बहुतेक करारांत असते आणि भाडेकरू त्याखाली सही करतो. पंखा फिरतो का, नळाला पाणी येते का, हे त्याला पाहता येते. भिंतीच्या आतून गेलेली तार, जंक्शन बॉक्समध्ये टेप गुंडाळून दडवलेला सांधा किंवा डीबीतला (घरातल्या स्विच-ब्रेकरच्या मुख्य पेटीतला) न्यूट्रलचा, म्हणजे प्रवाह परत नेणाऱ्या तारेचा, स्क्रू त्याला पाहता येत नाही, आणि किल्ल्या घेताना ‘डीबीचे झाकण उघडून दाखवा’ असे कोणी म्हणतही नाही. आमच्या घरात या न पाहिलेल्या भागाने आधी टीव्ही, मग राउटरचा अडॅप्टर आणि शेवटी वॉशिंग मशीनचे सर्किट बोर्ड निकामी केले. मुंबईच्या उपनगरांत आमच्यासारखी भाड्याने राहणारी असंख्य कुटुंबे आहेत, म्हणून हा प्रश्न आपल्या पत्रातून मांडावासा वाटला.

आमच्या फ्लॅटला थ्री फेज जोडणी आहे, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन तारा (फेज) आणि त्या तिघींना मिळून एक न्यूट्रल. एसी, गीझर वगैरेंमुळे भार वाढला की अशी जोडणी घेतात, त्यात वावगे काही नाही. बाथरूममध्ये गीझर लावला की त्याच फेजवरचे दिवे मंद व्हायचे आणि त्याच क्षणी हॉलमधले दिवे नेहमीपेक्षा प्रखर व्हायचे. नुसता ‘व्होल्टेज कमी झाला’ असता तर एकीकडे अंधुक आणि दुसरीकडे लख्ख असे झाले नसते. अखेर आम्ही स्वतःच्या खर्चाने परवानाधारक वायरमन बोलावला. त्याने मल्टिमीटर लावून हॉलच्या सॉकेटमधला दाब (व्होल्टेज) तीनशे व्होल्टच्या वर गेलेला दाखवला आणि डीबी उघडल्यावर मुख्य न्यूट्रलचा स्क्रू सैल, तारेवरचे आवरण काळे पडलेले आणि तांब्याचे टोक जळालेले निघाले.

हे कसे घडते ते थोडे सविस्तर सांगतो, कारण ‘लाइट वरखाली होते’ या ढोबळ वाक्याखाली खरे कारण झाकले जाते. आपल्याकडे फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट असतात, पण दोन फेजांमध्ये जवळजवळ ४०० व्होल्ट असतात. तिन्ही फेजांना २३० वर धरून ठेवण्याचे काम न्यूट्रल करतो. तो तुटला किंवा सैल झाला की निरनिराळ्या फेजांवरची उपकरणे एका माळेत जोडल्यासारखी होतात. ज्या फेजवर गीझरसारखा मोठा भार आहे तिथला दाब कोसळतो आणि जिथे टीव्ही, राउटर यांसारखा हलका भार आहे तिथला दाब ४०० च्या दिशेने चढतो. म्हणजे सर्वांत नाजूक वस्तूंवर सर्वांत जास्त दाब येतो. २३० व्होल्टच्या लहरीचे शिखर मुळातच ३२५ च्या आसपास असते. दाब ३०० झाला की ते ४२५ च्या आसपास पोहोचते, आणि अनेक उपकरणांच्या पॉवर सप्लायमधला मुख्य कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) ४०० किंवा ४५० व्होल्टपर्यंतच टिकेल असा बनवलेला असतो. तो फुगतो, कधी फुटतो, आणि सर्व्हिस सेंटर ‘हाय व्होल्टेज’ असा शेरा लिहून वॉरंटी नाकारते.

इथे एका गैरसमजाचाही उल्लेख करायला हवा. एमसीबी, म्हणजे डीबीतले आपोआप पडणारे स्विच, बसवले आहेत म्हणजे उपकरणे सुरक्षित आहेत असे पुष्कळांना वाटते. एमसीबी ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किटला पडतो, तसाच दुसरा स्विच, आरसीसीबी, गळणाऱ्या प्रवाहाला पडतो आणि माणसाचा जीव वाचवतो. वाढलेला दाब दोघांनाही कळत नाही. स्पाइक गार्डमधला संरक्षक भाग क्षणभराच्या उसळीसाठी असतो, मिनिटभर ३०० व्होल्ट राहिले तर तो स्वतःच जळून जातो. जादा दाबाला पुरवठा तोडणारे वेगळे उपकरण मिळते आणि थ्री फेज घरात ते असायलाच हवे, असे माझे आता ठाम मत झाले आहे. अर्थिंगची अवस्था तर त्याहून वाईट. चार्जरला लावलेल्या लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर सॉकेटच्या तिसऱ्या भोकात अर्थिंग पोहोचलेलेच नसण्याची शक्यता मोठी. जुन्या इमारतींत ते भोक पुष्कळदा नुसते शोभेचे असते.

दोष सापडल्यावर खरी कसरत सुरू झाली. वीज कंपनीच्या कर्मचाऱ्याने येऊन मीटरवरचा दाब मोजला, तो योग्य होता, आणि मीटरच्या पुढचे आमच्याकडे येत नाही असे त्याने सांगितले. नियमाप्रमाणे ते बरोबरच आहे. सोसायटीने मीटर रूममधल्या जोडण्या पाहून घेतल्या आणि फ्लॅटच्या आतले वायरिंग सभासदाचे, असे कळवले. तेही चूक नाही. राहिले घरमालक. त्यांचे म्हणणे असे की, वस्तू तुमच्या, त्या जुन्या होत्या की नव्या हे आम्हाला ठाऊक नाही, आणि सैल स्क्रूनेच टीव्ही गेला याला पुरावा काय? सर्व्हिस सेंटरच्या कागदावर जादा दाबाचा शेरा आहे, वायरमनच्या कागदावर जळालेल्या न्यूट्रलचा, पण या दोन कागदांना जोडणारा तिसरा कागद देणारी यंत्रणा सामान्य माणसाच्या आवाक्यात नाही. वीज कायदा २००३ च्या कलम १६१ प्रमाणे अपघाताची नोटीस आणि चौकशी होते ती माणूस किंवा जनावर दगावले, जखमी झाले किंवा तसे होण्याचा संभव होता तर. टीव्ही जळाल्याने विद्युत निरीक्षक दारात येत नाही. त्याच सैल स्क्रूपाशी ठिणगी पडून आग लागली असती तर मात्र सर्वांनीच धाव घेतली असती.

कायद्यात आधार नाही असे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम १४ नुसार, उलट करार नसेल तर, जागा राहण्यायोग्य दुरुस्तीत ठेवणे घरमालकावर बंधनकारक आहे; किमान पंधरा दिवसांची नोटीस दिल्यावर वाजवी मुदतीत त्याने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू ती स्वतः करून, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाच्या मर्यादेत, तो खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र हे कलम ‘भाडेकरू’साठी आहे. आज अकरा महिन्यांच्या करारावर राहणारे आम्ही बोलीभाषेत भाडेकरू असलो तरी कायद्याच्या भाषेत लायसन्सी, म्हणजे मालकाच्या परवानगीने राहणारे, आहोत, आणि आमच्या वाट्याला मुख्यतः येते ते करार लेखी व नोंदणीकृत असावा असे सांगणारे कलम ५५ आणि मुदत संपताच घर रिकामे करायला लावणारे कलम २४. त्यामुळे सगळी भिस्त करारातल्या कलमांवर राहते, आणि ती कलमे एका बाजूने लिहिलेली असतात. भाडेकरूने घराचे नुकसान केले तर ते अनामत रकमेतून वळते करण्याची तरतूद तिथे असते; घराने भाडेकरूच्या वस्तूंचे नुकसान केले तर काय, याबद्दल त्या छापील पानांवर अवाक्षर नसते.

माझी सूचना मर्यादित आहे. नवी वीजजोडणी घेताना परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो. इमारत नवी असताना दिलेला तो कागद पुढे पंचवीस वर्षे पुरतो, मधल्या काळात घरात एसी, गीझर, मायक्रोवेव्ह, इंडक्शन काहीही येवो. लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी होताना तसाच ताजा रिपोर्ट करारासोबत जोडणे नोंदणी व मुद्रांक विभागाने बंधनकारक करावे. इन्सुलेशनचा (तारेवरच्या आवरणाचा) रोध, अर्थिंग, न्यूट्रलच्या जोडण्यांची घट्टता, आरसीसीबी पडतो का आणि गीझर-एसीच्या तारांची जाडी, एवढे त्यात असले तरी पुरे. लहान फ्लॅटसाठी हे काही तासांचे काम आहे. इंग्लंडमध्ये २०२० च्या नियमांनी खासगी भाड्याच्या घरांतील विद्युत तपासणी निदान दर पाच वर्षांनी बंधनकारक केली असून तिचा अहवाल भाडेकरूच्या हाती द्यावा लागतो. आपल्याकडेही सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतींसाठी पाच वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट सांगितलेले आहेच. पिलर तपासणे जितके रास्त, तितकेच त्याला लागून गेलेली तार तपासणेही रास्त.

यावर घरमालकांचा आक्षेप असेल की खर्च वाढेल, आणि दलाल हा कागदही बसल्या जागी मिळवून देतील. खर्चाबद्दल एवढेच म्हणेन की करार बदलताना घराला नवा रंग देणारे मालक न कुरकुरता तो खर्च करतात. दुसरा आक्षेप गंभीर आहे, कारण न पाहता शिक्का मारण्याची आपल्याकडची परंपरा मोठी आहे. म्हणून रिपोर्टवर ठेकेदाराचा परवाना क्रमांक, तपासणीची तारीख आणि प्रत्यक्ष मोजलेले आकडे असावेत, आणि खोटा रिपोर्ट आढळल्यास विद्युत निरीक्षकांकडे थेट तक्रार करून तो परवाना रद्द करून घेण्याची सोय भाडेकरूला असावी. नोंदणी विभाग आणि राज्याचा ऊर्जा विभाग यांनी यावर आपली भूमिका जाहीर करावी, ही विनंती.

आपला,
एक भाडेकरू, मुंबई उपनगर